शेजारच्या काकूंचा फोन

भाचीच्या प्रवेशासाठी कॉलेजच्या ऑफिसात बसले होते. चौकशी करून गेलेल्या, पण परत न आलेल्या मुलींना समोरची कारकून मुलगी फोन लावत होती. पंख्याच्या घरघरीत ऐकू यावं म्हणून तिने दुसऱ्या कानावर तळवा दाबला होता. तो तळवा पाहिला आणि दातारबाई आठवल्या.

मी कॉलेजची चौकशी करून आले, तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या शांताकाकूंचा नंबर दिला होता. कॉलेजच्या ऑफिसातून दातारबाई तिथे फोन करायच्या. काकू खिडकीतून मला हाक मारायच्या आणि मी हात पुसत पोचेपर्यंत दोघींच्या गप्पा रंगलेल्या असायच्या. मला बाई एवढंच विचारत, "बाबा काय म्हणाले गं?"

बाबा 'बघू' म्हणून विषय टाळत होते. शेवटी काकूच अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, त्या बाई इतक्या मायेनं विचारतात. आता मी त्यांना कुठल्या तोंडानं नाही सांगू?"

बाबांना हसू आलं. सकाळच्या एसटीने तेच मला घेऊन निघाले.

ऑफिसात दातारबाई अशाच एका कानावर तळवा दाबून फोनवर बोलत होत्या. मी बिचकत नाव सांगितलं. दातारबाईंनी आधी विचारलं, "काकूंचे गुडघे कसे आहेत?" परक्या गावात कुणीतरी माझ्या घरचं भेटलं होतं.

समोरची मुलगी फोनवर म्हणत होती, "ती घरी नाही का? असू दे. मग तुमच्याशीच बोलते ना, मावशी."

जिच्यासाठी फोन लावला होता ती मुलगी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण ती येणार.