खड्ड्याला कोपरा

बारावीची परीक्षा देऊन मी घरी आले त्या वर्षी आमच्या वाडीच्या विहिरीने मार्चमध्येच तळ दाखवला. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटाशी आमची वीस-बावीस घरं. पावसाळ्यात इथे चार महिने कपडे वाळत नाहीत आणि उन्हाळ्यात प्यायला मिळत नाही. खाली धरण दिसतं. उतरायला तासभर, भरला हंडा घेऊन चढायला दोन तास. त्या वर्षी धरणाचं पाणी इतकं मागे हटलं होतं की काठच्या चिखलात मांडीपर्यंत पाय रुतायचे. एक शेळी तिथे रुतून मेली, तेव्हापासून बायकांनी ती वाट सोडली.

आई, वडील आणि दादा तिघंही पेठ गावाकडे मजुरीने कांदे काढायला गेले होते. घरी मी, वहिनी आणि दोन शेळ्या. वहिनीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचं माहेर लेण्याद्रीजवळचं, अंगणात नळ असलेलं. पण तिने माहेरच्या पाण्याचा विषय कधी काढला नाही. राखेने भांडी घासून फडक्याने पुसायची, तांदूळ धुतलेलं पाणी शेळ्यांना ठेवायचं, हे ती आठवडाभरात शिकली.

टँकर दोनदा आला. तिसऱ्यांदा येताना वाडीखालच्या वळणावर रस्त्याची कड ढासळली. ड्रायव्हर खाली उतरला, कड बघितली आणि म्हणाला, "भाऊ, गाडी वर न्हाई यायची. माझीबी पोरंबाळं हायेत." त्याचं काही चुकत नव्हतं. रस्ता दुरुस्त व्हायला पुढची दिवाळी उजाडली.

मग उरली विहीर. तळाच्या खडकातून बोटभर धार पाझरायची. वाडीत अंगाने सगळ्यात हलकी मी, म्हणून सकाळी मला दोराने खाली सोडायचे. मी वाटीने हंडा भरायची, बायका वर ओढून घ्यायच्या. घराला दोन हंडे, त्याहून जास्त कुणालाच नाही. खाली गार वाटायचं. पण वर बघितलं की रचलेले दगड सुटे दिसायचे, म्हणून मी वर बघत नसे.

एका सकाळी त्यातला एक दगड सुटला. डोक्यावर आला असता. मी वाटी भरायला वाकले होते म्हणून खांद्यावर निभावलं. वर ओढून काढलं तेव्हा उजवा हात उचलत नव्हता. हाड मोडलं नव्हतं, पण खांदा काळानिळा झाला. वहिनीने हळद लावली आणि पदराची झोळी करून हात गळ्यात बांधला.

"वन्सं, उद्यापासून तुमी उतरायचं न्हाई," ती म्हणाली.

"मग पाणी?"

"मी हाय की."

"तुम्हाला पोहताही येत नाही, वहिनी."

"पवायला तिथं पाणी कुठंय?"

दुसऱ्या दिवसापासून ती उतरायला लागली. पहिल्या दिवशी वर आली तेव्हा तिने आधी कमरेचा दोर सोडला. काठावर बसून तो नीट गुंडाळला आणि मग हंडा उचलून घरी आली.

माझ्याकडे शेळ्या आल्या. वाडीच्या वर कड्याखाली एक खड्डा होता. त्यात करवंदीची जाळी माजलेली, आणि बाकीचा डोंगर करपला तरी तिथे थोडं हिरवं असायचं. शेळ्या तिकडेच धावायच्या. एकदा वहिनी सरपणाला माझ्यासोबत आली. जाळीची वाळकी काटकी ओढताना ती थांबली.

"ह्या खड्ड्याला कोपरा कसा?"

मी लहानपणापासून तो खड्डा बघत होते. कोपरा कधी दिसला नव्हता. तिने कोयत्याने माती खरवडली. आत सरळ दगडी भिंत होती, त्यावर छिन्नीचे तिरके घाव.

"हे टाकं हाय," ती म्हणाली. "आमच्या लेण्याद्रीच्या डोंगरात अशी कोरलेली हायेत. ऐन मे महिन्यात त्यात पाणी असतं. हे गाळानं बुजलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही टिकाव, फावडं आणि घमेलं घेऊन गेलो. मी डाव्या हाताने घमेलं ओढायची. उजाडताच विहीर, मग टाकं, ऊन कड्यावरून खाली उतरलं की घर. दोघींत मिळून एक बाटली पाणी न्यायचो, आमच्याच दोन हंड्यांतलं. खणलं की तहान दुप्पट लागायची. तिसऱ्या दिवशी मी चिडले.

"वहिनी, ह्यात आज पाणी लागणार आहे का?"

"न्हाई."

"मग पावसाळ्यानंतर खणू. तेव्हा प्यायला तरी असेल."

तिने टिकाव खाली ठेवला. "तवा ह्यात पाणी भरलेलं असंल आन भातकापणी असंल. मंग कोण येतंय? आता तहान लागलीय तवरच व्हईल हे काम."

मी घमेलं उचललं.

वाडीत बोलणं सुरू झालं होतंच. आमच्या शेजारच्या घरातले आजोबा काठी टेकत वर आले, आत डोकावले आणि म्हणाले, "पोरींनो, तहान वाढवायचा धंदा काढलाय का?" वहिनी टिकाव चालवत राहिली. आजोबांनी बाहेर टाकलेल्या गाळाची मूठ उचलली, चुरगाळली, वास घेतला. काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ होता. कित्येक पावसाळ्यांचा पालापाचोळा त्यात कुजला होता.

"हा माझ्या खाचरात पडला तर भात लई झ्याक येईल," ते म्हणाले.

"न्या की, आजोबा," वहिनी म्हणाली. "पर वर काढलेला न्हाई मिळायचा. आतला सोता भरून न्यायचा."

दुसऱ्या दिवशी आजोबांची सून आणि नातू आले. त्यांच्या खाचरात काळे ढीग दिसले तशी आणखी दोन घरं आली. आठवड्याने तर आतला गाळ कुणी किती न्यायचा यावरून तंटा झाला, आणि तो वहिनीनेच मिटवला: आतले दगड काढेल त्याला गाळ. पाण्यासाठी आम्ही दोघीच येत होतो, गाळासाठी वाडी आली. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. "खड्डा रिकामा व्हतोय ना," एवढंच ती म्हणाली.

मे संपता संपता तळ लागला. आत उतरायला पाच पायऱ्या निघाल्या. एका कोपऱ्यात भेग होती. आजोबांनी स्वतः बसून ती चिकणमाती ठोकून बुजवली. कड्यावरून येणारं पाणी आत वळवायला हातभर रुंद जुना चर होता, तोही आम्ही मोकळा केला. त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. मी पास झाले होते. ते सांगायला खाली रेंज मिळेपर्यंत चालत गेले आणि आईला फोन केला. तिने आधी विचारलं, "पाणी मिळतंय का?"

तो उन्हाळा टाक्याने तारला नाही, हे सांगायला हवं. तो आम्ही वाटी-वाटीने काढला. दोन शेळ्यांपैकी एक आत्याकडे बोरी बुद्रुकला पाठवावी लागली आणि वहिनीच्या तळहातांवर दोराचे वळ कायमचे राहिले. विहिरीत शेवटपर्यंत तीच उतरत राहिली.

त्या पावसाळ्यात टाकं काठोकाठ भरलं. मी कॉलेजसाठी जुन्नरला गेले होते. एप्रिलमध्ये वहिनीचा फोन आला. "विहीर आटली," ती म्हणाली, "पर कुणालाबी खाली सोडलं न्हाई." मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पुन्हा फोन केला, कमरेइतकं पाणी आहे म्हणून. उन्हाळ्याचे शेवटचे दहा-बारा दिवस ते पुरलं नाही. भेग पुन्हा उघडली होती.

मी सुट्टीत गेले तेव्हा ती टाक्याच्या तळाशी उकिडवी बसून भेगेतली माती काढत होती. पायरीवर सिमेंटची अर्धी गोणी. मला बघून तिने सरकून जागा केली आणि दुसरी थापी माझ्या हातात दिली.