चालत्या गाडीतले टाके

अख्ख्या मराठवाड्यात माझ्या मामांसारखा मफलर कुणी विणत नाही, आणि मफलरची आमच्या शहराइतकी कमी गरजही दुसऱ्या कुठल्या गावाला नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. तरी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरात मामांचा एक मफलर आहे, आणि मामा समोरून येताना दिसले की तो गळ्यात घालायची पद्धत आहे. इस्त्रीवाले चाचा तर भर मे महिन्यात पेटत्या इस्त्रीपुढं मफलर गुंडाळून उभे राहिलेले मी पाहिलेत. "क्या करना बेटा, तुमारे मामू का दिल कौन तोडेंगा," म्हणाले, आणि त्याच मफलरनं त्यांनी कपाळ पुसलं.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. उभी नोकरी पैठण रोडवर गेली. एकदा ढोरकीनपाशी गाडी बंद पडली, मेकॅनिक यायला दुपार गेली, तेवढ्या वेळात रोजच्या गाडीला येणाऱ्या एका शिक्षिकेनं त्यांना उलट-सुलट टाके शिकवले. पण खरं विणकाम रिटायर झाल्यावर सुरू झालं, आणि तेही घरी नाही. मामांचे हात चालत्या एसटीतच चालतात. पंचाहत्तरी ओलांडल्यावर प्रवास फुकट झाला, तेव्हापासून रोज सकाळी पिशवीत लोकरीचे गुंडे घेऊन ते पैठणला निघायचे, डेपोत चहा प्यायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. गाडी थांबली की सुया थांबायच्या. नवीन गुळगुळीत गाडी आली तर ते ती सोडून द्यायचे; तिच्यात टाके झोपतात म्हणे. मामी म्हणायच्या, लोकं पैठणला नाथांच्या दर्शनाला जातात, आमचे हे लोकर संपवायला जातात. मामांनी स्वतःसाठी एकच विणला, खाकी. तो ते बारा महिने वापरतात.

मी वैजापूरकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी त्यांच्याकडं राहायला आले. आमच्या दोन्हीकडच्या घरांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक शिमल्याला झाली. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मामा तेवढे उठून उभे राहिले. "आता खरा गळा घावला," म्हणाले. इतकी वर्षं विणलं, पण खऱ्या बर्फात जाणारा मफलर हा पहिलाच.

तो निम्मा झाला आणि पैठण स्टँडवर गाडीतून उतरताना मामांचा पाय सरकला. खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी तीन महिने गाडीचं नाव काढू दिलं नाही. घरी आणलं तेव्हा मला निघायला दहा दिवस होते.

घरी खुर्चीत बसून त्यांनी दोन ओळी विणल्या आणि उसवल्या. परत विणल्या, परत उसवल्या. दोरखंडासारखे घट्ट टाके पडत होते. शेजाऱ्यांची कड्यांवर झुलणारी बंगई सुचवली तर म्हणाले, "बंगई पुढं जाऊन माघारी येती. गाडीचं तसं नसतं." मी शहाणपणानं म्हणाले, मामा, राहू द्या, मी तिकडं विकत घेईन. ते भिंतीकडं तोंड करून पडले, जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी पदर खोचून आल्या. त्यांना विणकामाचा राग, एसटीचा त्याहून जास्त. मामांना खुर्चीत बसवून त्या मागं उभ्या राहिल्या आणि खुर्चीची पाठ धरून हळूहळू हलवायला लागल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग सुया वाजल्या.

"ड्रायव्हर नवा दिसतोय," मामा म्हणाले.

"नवाच हाय. पन्नास वर्षंच झाली." थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "बिडकीनचा थांबा आला. थांबते, हात दुखला."

"थांब की. मान्सं उतरू दे."

मी स्वयंपाकघरात निघून गेले; तिथं माझं काही काम नव्हतं.

असं आठ दिवस चाललं. निघायच्या सकाळी मफलर माझ्या गळ्यात होता. निम्मा पैठण रोडवरचा, सैलसर आणि मऊ; निम्मा मामींच्या हातचा, जरा वाकडा. शिमल्यात माझी घरमालकीण फार सुरेख विणते. तिनं तो निरखून पाहिला आणि म्हणाली, एवढा भाग उसवून नीट करून देते. मी तिला हात लावू दिला नाही.

मामा अजून काठी घेऊन दारापर्यंतच जातात. फोनवर थंडीची चौकशी कधी करत नाहीत. परवा विचारलं, "रस्ता कसाय गं तिकडचा?"

"नुसता वळणांचा, मामा. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आन् गाड्या? जुन्या हायत का?"

"जुन्याच आहेत. लई हलतात."

"येतो मग," ते म्हणाले. "पाय सरळ झाला की येतो."

मी म्हणाले, या. खिडकीजवळची जागा धरून ठेवते.