बापाकडचा वाटा

आमच्याकडे मुलीला बापाकडून काय मिळतं, हे फार पूर्वीच ठरून गेलंय. नाक मिळतं, राग मिळतो आणि दिवाळीला साडी मिळते. जमीन मिळत नाही. म्हणजे कायद्यानं मिळते, पण बहिणी कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सह्या करतात, भाऊ त्यांना साडीचोळी करतो आणि माहेर शाबूत राहतं. वडील गेल्यावर मी आणि माझ्या धाकट्या बहिणीनंही अवसरीच्या जमिनीवरचा हक्क असाच सोडला. आमच्या एकुलत्या एका भावानं, दादानं, आम्हाला मंचरला नेऊन साड्या घेतल्या. माझी पहिल्याच धुण्यात आटली. मी मात्र सांगताना साडी आटली असंच सांगते, मी अंगानं सुटले असं कधी म्हणत नाही.

पुढं काही वर्षांनी बहिणीच्या छातीत गाठ निघाली. अजून चाळिशीलाही पोचली नव्हती ती. पुण्यात ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, केस गेले. प्रत्येक खेपेला मी तिच्या सोबतीला. सोबत कसली, खेडचा घाट लागला की मला एसटीत मळमळायचं आणि ती माझी पाठ चोळायची. बघणाऱ्यांना पेशंट मीच वाटायचे.

अशाच एका खेपेला तिच्या डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. इतक्या कमी वयात हा आजार झाला की घरातल्यांची चौकशी करावी लागते, एवढंच सांगितलं. बाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला असं काही झालं होतं का.

"आमच्या घराण्यात? कुणालाच नाही," मी ठासून सांगितलं. बहिणीनंही मान डोलावली. सोयरीक जुळवताना हेच सांगायचं असतं, त्यामुळं तोंडात बसलेलं.

बाईंनी प्रश्न फिरवला. वडिलांना बहिणी होत्या का? होत्या की, दोन. आता आहेत? नाहीत. कशानं गेल्या?

इथं मला एकेक सांगावंच लागलं. थोरली आत्या मढला दिलेली. छातीतली गाठ तिनं पदराखाली लपवली आणि ती चिघळून वास यायला लागला तेव्हा कुठं घरात कळलं. आमच्याकडं सगळे म्हणाले, तिकडं पाऊस फार, पाणी जड, ते बाधलं. धाकटी आत्या ओतूरकडं दिलेली. तिलाही तेच झालं. पण ओतूरच्या पाण्याला नावं ठेवता येईनात, म्हणून तिच्या सासूला ठेवली. दोघींचं दुखणं आम्ही त्यांच्या त्यांच्या सासरी पोचतं करून मोकळे झालो होतो.

मी खोटं बोलले नव्हते. लग्न करून दिलेली मुलगी आमच्यात घराण्यात धरतच नाहीत. त्या हिशेबानं मीही घराण्यात नव्हते आणि शेजारी डोक्याला स्कार्फ बांधून बसलेली बहीणही नव्हती.

बाईंनी कागदावर आमचं सगळं घर काढलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. दोन आत्यांचे गोल काळे केले, बहिणीचा काळा केला. वडिलांचा चौकोन कोरा होता. ऐंशीच्या घरातसुद्धा उसाला पाणी धरायला जाणारा माणूस, कधी ताप नाही की खोकला नाही. बाईंनी त्या चौकोनात मधोमध एक बारीक टिंब दिलं. तसं असू शकतं, एवढंच म्हणाल्या. मग माझ्या गोलात प्रश्नचिन्ह काढलं. माझ्या गोलाखाली एक छोटा गोल लोंबत होता. माझी मुलगी. त्या वर्षी ती कॉलेजात होती.

बाईंनी समजावून सांगितलं. शरीराची झीज, मोडतोड दुरुस्त करायच्या सूचना आपल्या रक्तामांसात लिहिलेल्या असतात. त्यांची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एखाद्या घरात त्यातल्या एका प्रतीत बदल झालेला असतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत जातो. बापाला स्वतःला काही होतही नाही, तरी तो पुढं देतो. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

"म्हणजे हा वारसा वडिलांकडून आलेला असू शकतो," बाई म्हणाल्या.

बहीण शांतपणे म्हणाली, "बापाकडनं कसा यील? आमी तर हक्कसोड केलीया."

बाईंना काही कळलं नाही. आणि माझी अक्कल बघा, मी होकारार्थी मान हलवत होते.

आधी बहिणीचं रक्त मुंबईला गेलं. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं, बदल सापडला. आता माझ्यात फक्त तो एकच बदल शोधायचा होता. असला तर आजार होईलच असं नाही, पण इतर बायकांपेक्षा धोका पुष्कळ जास्त. मग दरवर्षी तपासण्या, किंवा अंडाशयं काढणं, छातीसुद्धा. ज्या अवयवाला अजून काही झालंच नाही तो कापायचा, हे काही डोक्यात शिरेना. रक्त देताना मी नर्सला सुई कुठं टोचली ते दोनदा विचारलं. कळलंच नव्हतं.

दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, बायकांचं दुखणं बायकांनी बघावं, भावकीत वाच्यता करू नका, पोरींची लग्नं व्हायचीत. त्याला दोन मुली. पुरुषांनाही यातून धोका असतो असं बाईंनी सांगितलं होतं, ते मी त्याला सांगायला गेले, तर तो बैलगोठ्याकडं निघून गेला.

मग वाट बघणं आलं. मला दिवसभर भीतीचा वास यायचा. आंघोळीला गेले की छाती चाचपायची, आणि एक दिवस डाव्या बाजूला कडक काहीतरी लागलं. तशीच ओल्या केसांनी बाहेर येऊन रडत बसले. आमच्या ह्यांनी हात लावून बघितलं, मग बनियन वर करून स्वतःची छाती दाखवली. "ही बरगडी हाय. मलाबी हाय, बघ." त्या दिवसापुरती भीती गेली. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू होतीच.

मुलीची वेणी घालताना तर हात थांबायचे. तिला काही बोलले नव्हते. ती म्हणायची, आई, ओढतेस किती. मला तिच्या जागी कागदावरचा तो लोंबणारा गोल दिसायचा.

उत्तर आलं तेव्हा दादानं त्याच्या जीपनं नेलं. बायकांचं दुखणं असलं तरी जीप चालवायला पुरुष लागतो, असं त्याचं म्हणणं. तो आणि बहीण बाहेर बाकावर बसले, मी एकटी आत गेले.

बाई म्हणाल्या, "तुमच्यात तो बदल नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे तुम्हाला वडिलांकडून तो आलाच नाही. तुमच्याकडं नाही, तर तुमच्या मुलीकडंही तुमच्याकडून जाणार नाही. इतर कुठल्याही बाईला असतो तेवढा धोका तुम्हालाही आहे, तपासत राहा."

मी उठले, खुर्चीला धडकले, पिशवी विसरून बाहेर आले. मुलगी सुटली होती. आणि बाकावर बहीण बसली होती, तिला हे सांगायचं होतं. सुटकेची बातमी सांगायला इतकी भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. मी चेहरा गंभीर ठेवला. नको तितका ठेवला असणार.

"अक्का, तोंड असं का पाडलंयस?" ती म्हणाली. "न्हाई ना तुला?"

"नाही."

"मग रडतीस कशाला? येकीची तरी हक्कसोड पावली म्हणायची." तिनं माझा हात मांडीवर ओढून घेतला. मग पलीकडं बघितलं. "वाटा तुलाच जास्त आला व्हता, न्हाई का रं दादा."

हसायला म्हणून बोलली ती. पण कुणी हसलं नाही. तिचं तिलाही हसू आलं नाही.

दादा जीपची चावी बोटात फिरवत होता, ती थांबली. त्याच्या मुली घरी असतील, थोरली चुलीपाशी, धाकटी टीव्हीपुढं. तो समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "आन् माझ्यात असलं तर पोरींना..."

"निम्मी शक्यता," मी म्हणाले.

तो उठला, माझी राहिलेली पिशवी आणायला आत गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही दारातून बघितलं, बाईंनी तोच कागद पुढं ओढला होता. दादाच्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढून झालं होतं आणि त्याखालच्या दोन छोट्या गोलांवर त्याचं बोट होतं.

रक्त द्यायला तो बसला तेव्हा शर्टाच्या बाहीचं बटण त्याला निघेना. कचेरीत आमच्या सह्यांसाठी कागद घट्ट धरून ठेवणारे तेच हात. मी पुढं झाले आणि बटण काढलं. बाही मात्र वर सारली बहिणीनं.