बाबांच्या कोपराएवढा ओटा

आईचे गुडघे गेले आणि डॉक्टरनं खाली बसून स्वयंपाक करणं बंद करायला सांगितलं. गॅसही तेव्हा नवाच आला होता. म्हणून बालाघाटच्या आमच्या घरी कडप्प्याचा ओटा झाला. पण माप घ्यायला दगडाच्या दुकानातला मिस्त्री आला, तेव्हा स्वयंपाकघरात उभे कोण राहिले? बाबा! कोर्टातले कारकून, ताडमाड माणूस. जन्मात कधी चहा उकळला नव्हता, पण कोपर वाकवून "यहाँ तक" म्हणाले आणि ओटा तेवढा झाला. आई पडली ठेंगणी. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही, याची मला अजून लाज वाटते.

पोळी लाटताना तिची कोपरं कानाशी जायची. मग ती लाकडी पाटावर उभी राहू लागली, तर एक दिवस पाट घसरला आणि वरणाचं पातेलं हातावर आलं. ओटा खाली करून द्या म्हणून सांगायला बाबा त्या दुकानात तीनदा जाऊन आले. दुकानदार चहा पाजायचा, गोड बोलायचा आणि म्हणायचा, आदत हो जाएगी. बाबा चहा पिऊन परत. मी घरात नुसती धुमसत होते.

चौथ्यांदा आई स्वतः निघाली, मला सोबत घेऊन. पिशवीत पोळपाट, बेलणं आणि कणकेचा डबा. दुकानाचा काउंटर आमच्या ओट्याएवढाच उंच होता. तिनं त्यावर पोळपाट मांडला, पट्टी बांधलेल्या हातानं गोळा घेतला आणि गुमान लाटायला लागली. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. दुकानदार हडबडला, बहनजी ये क्या कर रही हो, म्हणाला.

"आदत डाल रही हूँ, भैया," आई म्हणाली. "अब रोज आऊँगी."

काय बाई होती! तिसरी पोळी होईस्तोवर मिस्त्रीचं दुसऱ्याच दिवशी यायचं ठरलं.

तो आला, तर बाबा पुन्हा कोपर वाकवून तयार. आईनं त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मिस्त्रीनं तिच्या कोपराखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. त्या रेघेकडे ती बराच वेळ बघत होती.

ओटा खाली आला. चार दिवसांनी बाबा रिकामा कप ठेवायला आत आले, वाकले आणि कंबर धरून म्हणाले, हा तं लय खाली झाला.

आई पोळ्या लाटत होती. पाय जमिनीवर, कोपरं जागच्या जागी. तिनं मानही वर केली नाही.

"होऊन जाईन सवय."