आत्याच्या भाताची बाटली

असले अद्भुत अनुभव मी पेपरात चहाबरोबर वाचून सोडून देणारा माणूस. त्यात महाप्याच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये नोकरी... आम्ही घाबरतो ते फक्त बुरशीला!

माझी आत्या उरणची. तिच्या खारजमिनीवर आता कंटेनर उभे असतात. तिथल्या लाल भाताचं मूठभर बियाणं तेवढं तिने मडक्यात जपलेलं. पण जुनं झालेलं, मातीत उगवेना. मला म्हणाली, "बाला, तुज्या बाटलीन उगव. एकदा हिरवा बघीन न् मंग जाईन."

सगळे दाणे घेऊन आलो. दाण्यातल्या अंकुरापासून पेशींचा गोळा वाढवायचा, मग त्या गोळ्यातून रोप काढायचं — हे माझं रोजचं काम. पण आत्याचा भात हट्टी. खुराक बदलला, उजेड बदलला... शेवटी सगळे गोळे काळे पडले. मेलेलं कल्चर फेकण्याआधी ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. मोठा प्रेशर कुकरच तो. मीच बाटल्या आत ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा बाटल्यांना लावलेल्या तपासणीच्या टेपवर काळ्या रेघा उमटलेल्या, म्हणजे आत जिवंत काही उरलं नाही. आत्याला सांगायचा धीर होईना. आणि तेवढ्यात ती गेलीच.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. लेकी, सुना, नातवंडं, सगळ्यांचे हात जोडून झाले. आत्याचा मुलगा अरुण मला म्हणाला, "दादा, भाताचा सांग ना तिला." मी मागे सरकलो. मग तोच पुढे झाला. "आये, तुजा भात हाय. दादाच्या बाटलीन जिता हाय."

आणि कावळा आला! सगळे रडले. मीही रडलो... ते खोटं आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. त्या बाटल्या धुवायच्या टोपलीत तशाच होत्या. एकीत बोटभर हिरवं रोप उभं होतं. झाकण घट्ट बंद. आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी लेबल पाहिलं, टेप पाहिली आणि म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस, हसतील."

रोप अरुणला दिलं. गच्चीवरच्या बादलीत ते वाढलं, लोंब्या धरल्या, दाणा लालच भरला. अरुणने दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाला, "दादा, आय व्हती तवा का नाय उगवला रं?"

शिजून मेलेलं उगवलं कसं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते नसलं तरी चालेल. पण अरुणला काय सांगू... ते मात्र अजून सुचलेलं नाही.