बांजच्या जंगलातल्या तीन पट्ट्या

"एवढं इंग्रजीत शिकवलं वहिनी, अन् पोरगी फरशीवर चिठ्ठ्या खेळून राह्यली," आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. "पंखाबी बंद. चमचे समदे तिकडंच."

चमचे खरंच माझ्याकडे होते. पंख्यानं कागद उडत होते, म्हणून प्रत्येक पट्टीवर एक चमचा ठेवला होता. तेवढ्यानं भागेना, तेव्हा पंखाच बंद केला. मस्तगडच्या आमच्या घरात मे महिन्यात हे मोठंच धाडस होतं.

हिवाळ्याआधी मी प्रबंधासाठी उत्तराखंडच्या डोंगरात बांज ओकच्या जंगलात चाळीस ठिकाणी दोरीनं चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनात कोणकोणत्या वनस्पती आहेत आणि कोण किती जागा व्यापतं, ते वहीत लिहिलं होतं. आता एका चौकोनाची एक पट्टी. सगळ्या पट्ट्यांवर नावांचा क्रम एकच. जी वनस्पती सापडली तिच्यासमोर आकडा, नाही तिथं कोरं. सारख्या पट्ट्या शेजारी सरकवत गेलं की जंगलातले समूह हळूहळू वेगळे होतात. ओल्या उतारावर बांजबरोबर लाल फुलांचा बुरांश, कोरड्यावर चीड, म्हणजे पाइन. हे संगणकही करतो, पण माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं, आधी हातानं कर.

तीन पट्ट्या कुठेच बसत नव्हत्या. वर बांजची जुनी झाडं आणि खाली नुसती तणं. सर फोनवर म्हणाले होते, "जंगलात ही तणं एवढी? तुमची ओळख चुकली असेल. मग चाळीसही चौकोन पुन्हा तपासावे लागतील." म्हणजे पुन्हा डोंगर, आणि माझं एक वर्ष. तिथं काही वेगळं दिसलं होतं का, असंही त्यांनी विचारलं होतं. मी पटकन "नाही सर" म्हणून मोकळी झाले होते. त्यावर ते म्हणाले होते, "मग तूर्तास त्या तीन जागा यादीतून काढा."

"माय, दोन चमचे दे. पोहे काय हातानं खायचे का?" आत्या दारात उभी होती. ती मंठ्याकडच्या गावाहून दोन दिवसांसाठी आली होती. "हे काय मांडलंय?"

"जंगल," मी म्हणाले.

ती हसली आणि पदर खोचून खाली बसली. मी तिला मोबाइलवर त्या तीन ठिकाणांचे फोटो दाखवले.

"हा धोतरा. ही चाकवत. अन् हा माठ, केवढा माजला!"

मी यादी पाहिली. मी लिहिलेली लॅटिन नावं त्यांचीच होती. ओळख चुकली नव्हती.

"इथं गुरं बसत असतील," ती म्हणाली.

"आत्या, जंगल आहे ते."

"मंग? जंगलात गुरं न्हाई जात का? आपल्या शेतातल्या आखाड्यावर बघ, गोठ्यामागं हेच उगतं. शेणमूत मुरलं की असंच माजतं." तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "पण शेण कुठंच कसं दिसत न्हाई?"

शेण होतं. तिन्ही ठिकाणी होतं. पानांखाली वाळलेल्या पोवट्यांचा थर. प्रबंधात घाण दिसेल म्हणून प्रत्येक वेळी मी दोन पावलं बाजूला सरकून फोटो काढला होता. वहीतही तिन्हीकडं "माती काळी, भुसभुशीत" एवढंच सभ्य वाक्य लिहिलं होतं.

तिन्ही पट्ट्या उचलून मी एकमेकींना लावल्या. आकडे जवळपास एका ओळीत आले. त्या कुठं बसत नव्हत्या, कारण त्यांचा समूहच वेगळा होता.

एरवी मी सरांना मेसेजच करते. "ठीक आहे सर, काढते" हा मेसेज सकाळपासून तसाच अर्धवट होता. तो मी पुसला.

"कोणाला लावते फोन?" आत्यानं विचारलं. मी बोटानंच तिला थांबवलं. पलीकडून सर "हॅलो" म्हणाले.

"सर, त्या तीन जागा काढायच्या नाहीत. तिथं गुरं बसतात. शेण होतं, मीच ते फोटोत येऊ दिलं नाही."