डॅशबोर्डवरचा नारळ

मस्तगडचा आमचा मेकॅनिक माणसांशी कमी आणि गाड्यांशी जास्त बोलतो. बॉनेटवर थाप मारून "बराबर सांग, कुठं दुखून राह्यलं?" असं विचारतो आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवतो. माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये त्यानं मोठं इंजिन बसवलं, तेव्हा वजनानं गाडीचं नाकच खाली गेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासायचं. मग त्यानं पुढं कडक स्प्रिंगा आणि नवे शॉकअप टाकले.

मी पूजेला नारळ आणला. तो न फोडता त्यानं शेंडी काचेकडे करून डॅशबोर्डवर ठेवला. "पडला तर पूजा न्हाई. मंग पुन्हा खोलू."

तो गाडी चालवायला बसला, मी शेजारी. अंबड रस्त्यावर पहिला स्पीडब्रेकर आला. मी नारळाकडे बघितलं. गाडी अलगद चढली, अलगद उतरली. नारळ जरासा डुलला आणि जागेवर बसला. एरवी कधी न हसणारा हा माणूस खदखदून हसला आणि त्यानं गाडी वळवून पुन्हा त्याच स्पीडब्रेकरवर घातली. मग पुन्हा. टपरीवरची माणसं चहा सोडून बघायला लागली.

"अहो, नारळ फोडायचा ना?" मी विचारलं.

"थांबा की मालक," तो म्हणाला, "घनसावंगीपर्यंत लई स्पीडब्रेकर हायेत."